समुद्रावरच्या हाकेला ओ कोण देते?

समुद्रात संकटात सापडलेल्यांची सुटका करणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे विधान कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. मात्र त्यावरून सुटकेला जाणारी माणसेही सरकारी नोकरच असणार असे गृहीत धरले, तर उत्तर युरोपच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर आपली फसगत होईल. तिथे मध्यरात्री वादळात बचावनौका घेऊन निघालेला माणूस दिवसा शाळेत गणित शिकवत असतो, नळदुरुस्तीची कामे करत असतो किंवा दुकान सांभाळत असतो, आणि त्या रात्रीच्या फेरीचा त्याला पगार मिळत नाही. अशी व्यवस्था निव्वळ शौर्यावर चालत असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती चालते कामाच्या आणि अधिकाराच्या काटेकोर वाटणीवर. हाक ऐकणारा वेगळा, नौका सोडायची की नाही हे ठरवणारा वेगळा आणि पाण्यात गेल्यावर पुढे जायचे की मागे फिरायचे हे ठरवणारा तिसराच असतो.

या वाटणीचा एक भाग कायद्यातून आला आहे. सागरी शोध आणि बचाव या विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली हॅम्बुर्ग येथे झाला आणि १९८५मध्ये तो अमलात आला. त्यानुसार जगातल्या समुद्रांची १३ मोठ्या विभागांत वाटणी झाली असून, प्रत्येक विभागातल्या देशांनी आपापली हद्द ठरवून घ्यायची आणि त्या हद्दीतून आलेल्या हाकेची दखल घेणारे समन्वय केंद्र चालवायचे असते. मदतीला जाणारी नौका सरकारच्याच मालकीची असावी, असा या कराराचा आग्रह नाही. त्यामुळे अनेक देशांत कान सरकारचा आणि हात स्वयंसेवकांचा, अशी रचना आहे. जर्मनी हा याला ठळक अपवाद आहे. तिथे ब्रेमेन शहरातले समन्वय केंद्रसुद्धा देणग्यांवर चालणारी स्वयंसेवी संस्थाच सरकारच्या वतीने चालवते, म्हणजे कानही तिचाच आणि हातही तिचाच.

अर्थात स्वयंसेवक या करारापेक्षा दीडशे वर्षांनी जुने आहेत. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन बेटावर, डग्लस गावात राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी किनाऱ्याजवळच्या खडकांवर जहाजे फुटताना पाहिली होती. त्यांनी केलेल्या आवाहनातून ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये एक संस्था उभी राहिली आणि तीच पुढे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, म्हणजे आरएनएलआय, या नावाने ओळखली जाऊ लागली. हिलरी नुसते पत्रके काढणारे गृहस्थ नव्हते. १८३०मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, डग्लसच्या खाडीत अडकलेल्या एका टपालजहाजाच्या सुटकेला ते स्वतः गेले, लाटेबरोबर नौकेबाहेर फेकले गेले आणि बरगड्या मोडून घेऊन परत आले. जहाजावरची सगळी माणसे मात्र वाचली. नेदरलँड्समध्ये १८२४ सालीच अशा दोन संस्था निघाल्या आणि १९९१मध्ये त्या एक झाल्या. जर्मनीतली संस्था १८६५ची, नॉर्वेतली १८९१ची आणि स्वीडनमधली १९०७ची आहे. दक्षिण आफ्रिकेत १९६६ साली १७ मच्छीमार बुडाले आणि त्यानंतरच्याच वर्षी तिथली संस्था आकाराला आली.

आता प्रश्न असा, की एवढे जोखमीचे काम पगारी दलाकडे का दिले जात नाही? याचे उत्तर भावनेपेक्षा हिशेबात अधिक आहे. आरएनएलआयची २३०हून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांच्या नौका वर्षाला साधारण नऊ हजार वेळा पाण्यात उतरतात. भागाकार केला, तर सरासरीने एका केंद्राच्या वाट्याला आठवड्याला एक हाकसुद्धा येत नाही. पण जेव्हा ती येते तेव्हा काही मिनिटांत निघावे लागते, आणि बुडणारा माणूस शंभर किलोमीटरवरच्या मोठ्या बंदरातून नौका येईपर्यंत थांबू शकत नाही. प्रत्येक लहान गावात पगारी माणसे आठवडाभर बसवून ठेवणे कोणालाही परवडणारे नसते. त्यामुळे गावातच राहणारी, एरवी आपापल्या उद्योगात असलेली आणि हाक येताच धावून येणारी माणसे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. उलट बाजूचे उदाहरणही याच संस्थेत सापडते. लंडनमध्ये थेम्स नदीवरच्या तिच्या एका केंद्राला वर्षाला शेकडो हाका येतात, म्हणून तिथे पूर्णवेळ पगारी कर्मचारी चोवीस तास केंद्रातच असतात आणि स्वयंसेवक त्यांच्या जोडीला येतात. इतर मोठ्या केंद्रांवरही यंत्रज्ञासारखी एखाददुसरी जागा पगारी असते, कारण इंजिनाची रोजची देखभाल सवडीने करून भागत नाही.

हाक कशी येते, ते पाहू. नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही जगभर संकटासाठी राखलेली आहे. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या सांगायची असते. हा शब्द १९२३च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील एका रेडिओ अधिकाऱ्याने सुचवला होता. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा उच्चार त्याच्याशी जुळतो, आणि तिथली बरीच विमानवाहतूक फ्रान्सशी होती. आता रेडिओवरचे लाल बटण दाबले, की ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप प्रसारित होते. किनाऱ्यापासून फार दूर, जिथे हा रेडिओ पोहोचत नाही, तिथे ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा संकटदीप उपयोगी पडतो. पाण्यात पडताच सुरू होणारे हे उपकरण उपग्रहाला संकेत देते आणि त्या संकेतात उपकरणाचा स्वतःचा क्रमांक असतो. या क्रमांकाची नोंदणी केलेली असेल, तर समन्वय केंद्र सर्वांत आधी मालकाच्या घरी फोन करते. बरेचसे संकेत चुकून सुरू झालेल्या उपकरणांचे असतात आणि एका फोनमुळे एक विनाकारण फेरी वाचू शकते. ज्यांनी नोंदणी करण्याचा कंटाळा केलेला असतो, त्यांच्या बाबतीत ही सोय राहत नाही.

समन्वय केंद्रातला अधिकारी नकाशावर पाहून ठरवतो, की हेलिकॉप्टर पाठवावे, जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजाला वळवावे, की बचावनौका मागवावी. ‘मागवावी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आरएनएलआयच्या व्यवस्थेत तटरक्षक यंत्रणा विनंती करते, हुकूम देत नाही. ही विनंती केंद्रातल्या एका ठरावीक व्यक्तीकडे जाते. ही व्यक्ती किनाऱ्यावरच थांबते आणि हवामान, भरती-ओहोटी, नौकेची अवस्था व हजर माणसे पाहून नौका सोडण्याची परवानगी देते किंवा नाकारते. एकदा नौका पाण्यात गेली, की पुढचा निर्णय तिच्या प्रमुखाचा, म्हणजे तांडेलाचा. त्याने मागे फिरायचे ठरवले, तर किनाऱ्यावरून त्याला पुढे ढकलता येत नाही. माझ्या मते या सेवेचा खरा कणा हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे. मदतीसाठी आसुसलेल्या माणसाने स्वतःच धोका मोजायचा म्हटले, तर तो नेहमी कमीच मोजतो, आणि म्हणून मोजणारा माणूस किनाऱ्यावर कोरडा उभा असलेला बरा.

परवानगी मिळताच गावभर विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या कमरेचे पेजर एकदम वाजतात. मोबाइलच्या जमान्यात पेजर जुनाट वाटेल, पण त्याचे स्वतंत्र प्रक्षेपण असते आणि सुटीच्या दिवशी मोबाइलच्या जाळ्यावर गर्दी झाली तरी त्याचे काम अडत नाही. माणसे हातातले काम टाकून केंद्राकडे धावतात. तिथे प्रत्येकाचा न भिजणारा पोशाख खुंटीला अशा रीतीने टांगलेला असतो, की पायजम्याचे पाय बुटांत आधीच खोचलेले असतात. दोन पाय घातले, वर ओढले, गळ्यापर्यंत चेन ओढली, की माणूस तयार. मग जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण. साधारणतः गरजेपेक्षा जास्त माणसे येतात, आणि त्यांतले कोण न्यायचे हे तांडेल समुद्र पाहून ठरवतो. आधी आला म्हणून कोणाचा हक्क लागत नाही. ज्यांची निवड होत नाही ती माणसे घरी जात नाहीत. ती ट्रॅक्टरने नौका पाण्यात ढकलतात, रेडिओजवळ बसतात आणि परतीच्या वेळी पुन्हा पाण्यात उभी राहतात.

माणसे निवडण्याचा हा अधिकार किती जड असू शकतो, ते १९ डिसेंबर १९८१च्या रात्री इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात दिसले. ‘युनियन स्टार’ या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडून ते वादळात खडकांकडे वाहत चालले होते आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरला त्यावरच्या माणसांना उचलता येत नव्हते. माउसहोल गावच्या ‘सॉलोमन ब्राउन’ या लाकडी बचावनौकेसाठी माणसे जमली तेव्हा तांडेलाने १७ वर्षांच्या एका मुलाला घेण्याचे नाकारले, कारण त्याचे वडील आधीच नौकेत चढले होते आणि अशा रात्री एका घरातले दोघे न्यायचे नाहीत, असे त्याने ठरवले होते. नौका जहाजाला भिडली, चार माणसांना उतरवून घेतल्याचा निरोपही तिने रेडिओवर दिला आणि त्यानंतर तिचा आवाज आला नाही. नौकेवरचे आठ आणि जहाजावरचे आठ, अशा १६ जणांपैकी कोणीही वाचले नाही. दुसरा दिवस संपण्याआधी नव्या चमूसाठी पुरेशी माणसे त्याच गावातून पुढे आली होती.

नौका दोन प्रकारच्या असतात, असे स्थूलपणे म्हणता येईल. किनाऱ्यालगतच्या कामासाठी हवेच्या नळ्यांच्या छोट्या नौका वापरतात. त्यांना तीन-चार माणसे पुरतात, त्या उथळ पाण्यात आणि खडकांमध्ये शिरू शकतात आणि उलटल्या तर माणसांनीच त्या सरळ करायच्या असतात. दूरच्या आणि वादळातल्या कामासाठी मोठ्या बंदिस्त नौका असतात. आरएनएलआयची ‘शॅनन’ वर्गाची नौका सुमारे साडेतेरा मीटर लांब आहे, तिचा वेग ताशी २५ सागरी मैल आहे आणि पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून ती चालते, त्यामुळे ती थेट वाळूवर चढवता येते. उलटल्यावर ती आपोआप सरळ होते. यात जादू काही नाही. वरची खोली पाणी शिरणार नाही अशी बंद असते, म्हणजे ती हवेच्या फुग्यासारखी वर यायला पाहते. इंजिने व इतर जड भाग तळाशी असतात, म्हणजे ते खाली जायला पाहतात. उलट्या अवस्थेत हे दोन्ही चुकीच्या जागी येतात, नौकेला तसे स्थिर राहताच येत नाही आणि काही सेकंदांत ती फिरते. आतली माणसे तोवर पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधलेली असावी लागतात.

अंगातल्या साध्या जाकिटाचे मोल मात्र त्याहून जुन्या काळी कळले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडमधल्या व्हिटबी येथे, त्या दिवशी अनेक फेऱ्या करून थकलेली बचावनौका उलटली आणि १३ पैकी १२ जण बुडाले. वाचलेला एकटा हेन्री फ्रीमन हा नव्या धाटणीचे बुचाचे जाकीट घातलेला माणूस होता.

नौका जलद जाते हे खरे, पण जायचे कुठे? शोध ही या कामातली सर्वांत डोकेफोड बाब आहे, कारण समुद्रात पडलेली वस्तू जिथे पडली तिथे राहत नाही. पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडालेला माणूस मुख्यतः प्रवाहाबरोबर सरकतो, तर रिकामी हलकी होडी वाऱ्याबरोबर भलतीकडेच जाते. दोघांनी एकाच जागेवरून सुरुवात केली तरी तासाभराने त्यांच्यात मोठे अंतर पडलेले असते. म्हणून शेवटचे ज्ञात ठिकाण, मधला वेळ, प्रवाह आणि वारा यांवरून वस्तू आत्ता कुठे असेल तो बिंदू समन्वय केंद्र काढते. जागेबद्दल बऱ्यापैकी खात्री असेल, तर नौका त्या बिंदूपासून चौकोनी वळणे घेत, प्रत्येक दोन वळणांनंतर बाजू वाढवत बाहेर सरकते. क्षेत्र मोठे असेल, तर शेत नांगरावे तसे समांतर पट्टे पाडले जातात. लाटांमधले डोके नारळाएवढे दिसते, तेही लाटेच्या माथ्यावर आले तरच, आणि नौकाही त्याच क्षणी माथ्यावर असली तरच. रात्री मधूनमधून इंजिने बंद करून सगळे गप्प उभे राहतात. जाकिटाला अडकवलेली शिट्टी अशा वेळी ऐकू येते. ती नसली, तर ओरडून घसा बसलेल्या माणसाचा आवाज पंचवीस पावलांवरूनही ऐकू येत नाही.

वेळ किती हाताशी आहे, ते थंडी ठरवते. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. थंड पाण्यासाठी प्रशिक्षणात एक ढोबळ आडाखा शिकवतात: पहिल्या एका मिनिटात धाप आवरायची, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणजे पुष्कळ माणसे गारठून मरण्याआधीच, श्वासाबरोबर पाणी ओढून घेतल्यामुळे किंवा हात चालेनासे झाल्यामुळे बुडतात, आणि ज्याच्या अंगात जाकीट आहे त्याला मात्र तो तासभर मिळू शकतो. माणूस सापडला म्हणजे काम झाले असेही नाही. बराच वेळ पाण्यात असलेल्या माणसाच्या शरीरावर चहूबाजूंनी पाण्याचा दाब असतो. त्याला उभाच्या उभा बाहेर ओढले तर तो दाब एकदम जातो, रक्त पायांकडे उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून शक्य असेल तिथे त्याला आडवा, झोळीत घेतल्यासारखा वर घेतात. त्याला आपल्या पायांनी चालू देत नाहीत आणि त्याचे हातपाय चोळतही नाहीत.

एवढे सांगून झाल्यावर कबूल केले पाहिजे, की बहुतेक फेऱ्या इतक्या थरारक नसतात. इंजिन बंद पडणे, इंधन संपणे, पंख्यात दोर अडकणे आणि भरतीच्या पाण्याने वाट अडणे यांसाठीच नौका पुन्हा पुन्हा निघते. बंद पडलेली होडी ओढून आणणे हे त्यांतले नित्याचे काम, आणि तेही वाटते तितके सोपे नाही. दोर आखूड असेल तर मागची होडी लाटेवरून घसरत येऊन पुढच्या नौकेवर आदळते, आणि एक नौका लाट चढत असताना दुसरी उतरत असेल तर हिसक्याने दोर तुटतो. त्यामुळे दोघी एकाच वेळी आपापल्या लाटेच्या माथ्यावर येतील अशा बेताने दोराची लांबी ठेवावी लागते आणि लाटा बदलल्या की तीही बदलावी लागते. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभे राहत नाही.

पैशांचा भाग देशोदेशी वेगळा आहे. सागरी कायद्याची जुनी परंपरा अशी, की मालमत्ता वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो, पण जीव वाचवल्याबद्दल वाचलेल्याकडून काही मागता येत नाही. फ्रान्समधली संस्था या रेषेला धरून चालते. माणसांची सुटका फुकट आणि होडी ओढून आणण्याचे शुल्क. आरएनएलआय दोन्हींसाठी बिल पाठवत नाही. खर्च भागतो तो देणग्या आणि मृत्युपत्रांतून. या संस्थेने १८५४ ते १८६९ या काळात सरकारी अनुदान घेऊन पाहिले आणि नंतर ते सोडले. पुढे ९ डिसेंबर १८८६च्या रात्री ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेले २७ स्वयंसेवक बुडाले. त्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभा करण्याच्या खटपटीतून १८९१मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे घेऊन वर्गणी गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. जर्मनीत १८७५पासून दुकानांच्या आणि खानावळींच्या फळ्यांवर छोट्या जहाजाच्या आकाराच्या दानपेट्या ठेवलेल्या असतात.

आजची अडचण पैशांपेक्षा माणसांची अधिक आहे. पूर्वी किनाऱ्यावरच्या गावात मच्छीमार असत, त्यांना समुद्र पाठ असे आणि ते दिवसभर बंदराच्या आसपास सापडत. आता मासेमारी आटली आहे आणि गावातली माणसे दिवसा दूरच्या शहरांत कामाला जातात, त्यामुळे रात्री भरपूर असणारा चमू कामाच्या दिवशी दुपारी अपुरा पडू शकतो. नव्याने येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाठ मारण्यापासून शिकवावे लागते. त्यासाठी आरएनएलआयने इंग्लंडमधल्या ‘पूल’ नावाच्या शहरात प्रशिक्षणकेंद्र उभारले असून तिथल्या तलावात कृत्रिम लाटा, अंधार आणि पाऊस निर्माण करून उलटलेल्या नौकेखालून बाहेर येण्याचा सराव करून घेतात. शिवाय मालकाने कामावरून मधेच उठून जाऊ दिले पाहिजे, ही न दिसणारी देणगी वेगळीच.

नौका किनाऱ्याला लागली की फेरी संपत नाही. खारे पाणी धातूला खाते, म्हणून तिला गोड्या पाण्याने नखशिखान्त धुतात, इंधन काठोकाठ भरतात, भिजलेले दोर बदलतात, वापरलेली औषधे व पट्ट्या मोजून नव्या ठेवतात आणि पोशाख पुन्हा बुटांत पाय खोचून खुंटीला टांगतात. फेरी वाईट झाली असेल तर चहा घेताना तांडेल एकेकाकडे नजर टाकून घेतो, कारण कोण गप्प झाला आहे हे त्याच वेळी कळते. त्यानंतर समन्वय केंद्राला नौका सज्ज असल्याचा निरोप जातो आणि वहीत ती वेळ लिहिली जाते. हा निरोप येईपर्यंत दुसरी हाक आली, तर शेजारच्या कोणत्या केंद्राची नौका मागवायची, हे समन्वय केंद्राने आधीच ठरवून ठेवलेले असते.